पंप तळमजल्यावर, आवाज तिसऱ्या मजल्यावर

नागपूरच्या कोणत्याही वस्तीत पहाटे फेरफटका मारला तर पाण्याचे पंप सुरू झालेले ऐकू येतात. नळाचे पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत साठवायचे आणि तेथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवायचे, ही व्यवस्था आता तीन-चार मजली इमारतींत सर्वत्र दिसते. काही नव्या इमारतींत गच्चीवरच दुसरा एक छोटा पंप असतो. नळ उघडला की तो आपोआप सुरू होतो आणि नळाला चांगला दाब देतो. त्याला प्रेशर पंप म्हणतात.

अशा इमारतींत एक तक्रार हमखास ऐकू येते. पंपाजवळ उभे राहिले तर त्याचा आवाज फारसा मोठा वाटत नाही, दोन माणसे शेजारी उभी राहून सहज बोलू शकतात. मात्र तिसऱ्या मजल्यावर दारे-खिडक्या लावून झोपलेल्या माणसाला उशीतून घुमल्यासारखा आवाज येतो. शेजारच्या इमारतीत तशाच बनावटीचा पंप असूनही तेथे कोणाची तक्रार नसते. दहावी-बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत किंवा घरात आजारी माणूस असताना हा आवाज भांडणाचा विषय होतो. मग कोणीतरी पंपावर लाकडी खोके बसवण्याचा सल्ला देतो. खोके बसते, पैसे खर्च होतात आणि आवाज जवळजवळ तसाच राहतो.

असे का होते हे समजून घेण्यासाठी शाळेत शिकवले जाणारे ध्वनीचे आणि द्रवांचे भौतिकशास्त्र पुरेसे आहे. सरळ दोलक, अनुस्पंदन, बॉईलचा नियम आणि बाष्पदाब हे चार धडे एका पंपात एकत्र येतात. म्हणूनच हा विषय वर्गात घेण्याजोगा आहे.

आवाजाचे मूळ

आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ आहे. मोटारीतील विद्युतचुंबकाचे आकर्षण प्रवाहाच्या दोन्ही दिशांना सारखेच असते. त्यामुळे प्रत्येक आवर्तनात ते दोनदा वाढते व दोनदा कमी होते. परिणामी मोटारीचे लोखंड सेकंदाला १०० वेळा कंप पावते. ट्रान्सफॉर्मरचा ‘हूंऽऽ’ असा आवाज याच कारणाने येतो.

दुसरे कंपन फिरण्याचे. घरगुती पंपाची मोटार साधारणपणे मिनिटाला २८८० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ४८. फिरणारा भाग कितीही काळजीपूर्वक बनवला तरी त्याचे वजन आसाभोवती अगदी समान नसते, म्हणून प्रत्येक फेऱ्याला एक हलका धक्का बसतो. तिसरे कंपन पाण्याचे. पंपाच्या पंख्याला सहा पाती असतील तर पाण्याला सेकंदाला ४८ गुणिले ६, म्हणजे २८८ ठोके बसतात. बेअरिंग झिजले असेल तर त्याची घरघर वेगळी. म्हणजे पंप एकाच वेळी अनेक स्वर काढत असतो, आणि त्यांतले पहिले दोन खर्जातले असतात.

लहान वस्तू, मोठा आवाज

कंप पावणारी छोटी वस्तू खर्जातला आवाज हवेत फारसा सोडू शकत नाही. १०० हर्ट्‌झ ध्वनीची हवेतील तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर असते आणि पंपाचा आकार जेमतेम वीस-तीस सेंटिमीटर. पंपाचा पृष्ठभाग पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाण्याऐवजी बाजूने वळसा घालून मागे जाते. त्यामुळे दूर जाणारी ध्वनिलहर दुबळी राहते.

हेच कंपन एखाद्या मोठ्या पृष्ठभागाला मिळाले, की चित्र बदलते. तीन मीटर लांबीच्या भिंतीला किंवा स्लॅबला हवेत ढकलण्यासाठी भरपूर क्षेत्रफळ असते. भिंत मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकी हलली तरी खोलीत आवाज स्पष्ट ऐकू येतो. सतारीची तार नुसती दोन खिळ्यांना ताणून छेडली तर किती क्षीण आवाज येतो हे आपल्याला ठाऊक आहे. घोडीतून तारेचे कंपन तबलीला आणि भोपळ्याला मिळते, तेव्हा सतार वाजते. आपल्या इमारतीत पंप हा तारेच्या जागी असतो, पाइप आणि बोल्ट घोडीच्या जागी आणि झोपण्याच्या खोलीची भिंत तबलीच्या जागी.

लाकडी खोके निरुपयोगी का ठरते, याचे उत्तर यातच आहे. खोके हवेतून येणारा आवाज अडवते. त्रास देणारा आवाज मात्र हवेतून आलेलाच नसतो. तो सिमेंट, लोखंड आणि पाणी यांतून वर चढतो आणि खोलीत पोचल्यावर हवेत उतरतो.

करून पहा : नादकाटा रबरी ठोकळ्यावर आपटून हातात धरा. मागच्या बाकावर आवाज पोचत नाही. आता त्याची दांडी टेबलावर टेकवा. साऱ्या वर्गाला आवाज ऐकू येतो. तिसऱ्या वेळी टेबलावर स्पंजचा तुकडा ठेवून त्यावर दांडी टेकवा आणि फरक नोंदवा. नादकाटा नसेल तर थरथरणारा मोबाईल प्रथम स्टीलच्या ताटात आणि नंतर घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवून हाच प्रयोग करता येतो.

हाच अनुभव बोटीवर राहणाऱ्या लोकांना फार तीव्रतेने येतो. लहान बोटीत गोड्या पाण्याच्या टाकीला बारा व्होल्टचा एक छोटा पंप जोडलेला असतो. तो बहुधा प्लायवुडच्या पातळ पडद्यावर स्क्रूने बसवतात. रात्री कोणी हात धुतले तरी सारी बोट घुमते, कारण तो पडदा आणि बोटीचे अंग ढोलासारखे काम करतात. पाणबुड्यांत तर हा जीवनमरणाचा प्रश्न होतो. यंत्रांचे कंपन पाणबुडीच्या अंगातून समुद्रात गेले तर शत्रूला तिचा सुगावा लागतो. म्हणून तेथे यंत्रे एका जड चौकटीवर बसवून ती चौकट रबरी आधारांवर ठेवतात आणि नळांना लवचीक जोड देतात. आपल्या पंपालाही हेच उपाय लागू पडतात.

आवाजाच्या वाटा चार आहेत : पाया, पाइप, पाणी आणि हवा. एक एक वाट क्रमाने पाहू.

पहिली वाट : पाया

पंप आणि जमीन यांच्यामध्ये रबर ठेवावे, हे सर्वांनाच सुचते. पण कोणतेही रबर चालत नाही. चुकीच्या रबराने आवाज वाढूही शकतो.

स्प्रिंगवर वस्तू ठेवली की स्प्रिंग वजनाने दबते. ती वस्तू ढकलून सोडली तर स्वतःच्या एका ठरावीक वारंवारतेने वरखाली हलते. ही नैसर्गिक वारंवारता काढण्यासाठी स्प्रिंगचा ताठपणा आणि वस्तूचे वजन वेगवेगळे माहीत असण्याची गरज नाही. वजनाने स्प्रिंग किती दबली एवढे कळले तरी पुरते. जेवढी ती दबली तेवढ्या लांबीच्या सरळ दोलकाचा जो आवर्तकाल, तोच स्प्रिंगवरील वस्तूचा आवर्तकाल असतो.

करून पहा : प्रयोगशाळेतील एखादी हलकी स्प्रिंग घ्या आणि ती २५ सेंटिमीटर ताणली जाईल एवढे वजन तिला टांगा. शेजारी २५ सेंटिमीटर लांबीचा दोलक लावा. दोन्हींचा आवर्तकाल जवळपास एक सेकंद येतो. विद्यार्थ्यांना याचे नेहमी आश्चर्य वाटते, कारण एक वरखाली हलते आणि दुसरे आडवे.

हाच नियम पंपाच्या रबराला लावू. रबर १ मिलिमीटर दबले तर १ मिलिमीटर लांबीच्या दोलकाइतकी वारंवारता मिळते. ती सुमारे १६ हर्ट्‌झ येते. ४ मिलिमीटर दबले तर वारंवारता निम्मी, म्हणजे ८ हर्ट्‌झ. आणि रबर इतके टणक असेल की ते फक्त ०.१ मिलिमीटर दबेल, तर वारंवारता येते ५० हर्ट्‌झ. पंपाचे फिरण्याचे कंपन ४८ हर्ट्‌झ आहे. दोन्ही आकडे जुळले की अनुस्पंदन होते आणि रबराशिवाय जेवढे कंपन जमिनीत गेले असते त्यापेक्षा जास्त जाते. जुन्या टायरचा टणक तुकडा खाली घातला आणि आवाज वाढला, अशी तक्रार ऐकू येते ती यामुळे.

रबरातून किती कंपन पलीकडे जाते याचा साधा हिशेब असा. पंपाच्या वारंवारतेला रबरावरील नैसर्गिक वारंवारतेने भागावे, त्या भागाकाराचा वर्ग करावा, त्यातून १ वजा करावा आणि आलेल्या संख्येचा व्यस्त घ्यावा. रबर १ मिलिमीटर दबत असेल तर ४८ भागिले १६ बरोबर ३, त्याचा वर्ग ९, उणे १ म्हणजे ८. जमिनीत एक-अष्टमांश धक्का जातो. रबर ४ मिलिमीटर दबत असेल तर ४८ भागिले ८ बरोबर ६, वर्ग ३६, उणे १ म्हणजे ३५. आता केवळ पस्तिसावा भाग जातो. हा भागाकार १.४ पेक्षा कमी असेल तर मात्र रबराचा काहीच फायदा नाही, उलट तोटा आहे. (हालचालीत असलेले रबर स्थिर वजनाखाली वाटते त्यापेक्षा थोडे ताठ वागते. म्हणून प्रत्यक्षातला फायदा हिशेबापेक्षा थोडा कमी धरावा.)

यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. पहिली, रबर मऊ आणि जाड असावे आणि ते पंपाच्या वजनाने डोळ्यांना दिसेल इतके दबले पाहिजे. सपाट पत्र्यासारख्या रबराऐवजी चार कोपऱ्यांना चार ठोकळे ठेवले तर क्षेत्रफळ कमी होते आणि तेच रबर जास्त दबते. दुसरी, पंप हलका असेल तर तो आधी जड पायावर, उदाहरणार्थ काँक्रीटच्या ठोकळ्यावर, घट्ट बसवावा आणि मग तो ठोकळा रबरावर ठेवावा. वजन वाढले की रबर अधिक दबते, आणि जड वस्तू त्याच धक्क्याने कमी हलते.

सर्वांत जास्त दिसणारी चूक बोल्टची. खाली उत्तम रबर घातलेले असते, पण पंपाच्या पायातून लोखंडी बोल्ट रबराला भोक पाडून थेट काँक्रीटमध्ये कसलेला असतो. मग कंपन रबरातून कशाला जाईल? ते बोल्टमधून जाते. बोल्टच्या माथ्याखाली रबरी वॉशर आणि बोल्टभोवती रबरी नळीचा तुकडा घालावा, आणि बोल्ट रबर पिळवटून निघेल इतका कसू नये.

दुसरी वाट : पाइप

पाया व्यवस्थित केला तरी आवाज तसाच राहिला, तर पाइपकडे पाहावे. पंपाला पक्का जोडलेला जी.आय. पाइप भिंतीला टेकत टेकत गच्चीपर्यंत जातो. ध्वनीचा वेग हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर, पाण्यात सुमारे १५०० आणि पोलादात सुमारे ५००० मीटर असतो. पोलादात त्याची ऊर्जाही फारशी खर्च होत नाही. आगपेटीच्या टेलिफोनमधील ताणलेला दोरा आठवावा. येथे दोऱ्याऐवजी लोखंडी पाइप आहे, आणि ‘आगपेट्या’ प्रत्येक मजल्यावर आहेत.

उपाय असा : पंपाच्या दोन्ही बाजूंना साधारण अर्धा मीटर लांबीची, दाब सहन करणारी रबरी लवचीक नळी जोडावी. पाणी खेचण्याच्या बाजूची नळी आत तार असलेली हवी, नाहीतर ती चपटी होते. नळी ताणून सरळ बसवण्याऐवजी तिला हलका बाक द्यावा. पाइपला भिंतीशी धरणाऱ्या क्लॅम्पमध्ये रबराची पट्टी घालावी. क्लॅम्प शक्यतो जाड खांबाला किंवा तुळईला बसवावेत, झोपण्याच्या खोलीच्या साडेचार इंची विटांच्या भिंतीला नकोत. जड खांब हलवणे कठीण, पातळ भिंत हलवणे सोपे. पाइप जेथे स्लॅबमधून किंवा भिंतीतून आरपार जातो तेथे भोवतालची फट सिमेंटने न बुजवता मऊ पदार्थाने भरावी.

क्लॅम्प आणि भोके तपासण्यासाठी गवंड्याची किंवा महागड्या यंत्राची गरज नाही. अर्धा मीटर लांबीची लाकडी काठी घेऊन तिचे एक टोक पाइपला किंवा भिंतीला टेकवावे आणि दुसरे कानाजवळच्या हाडाला. जुने मेकॅनिक स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून बेअरिंग ऐकतात ती हीच पद्धत. काठी फक्त स्थिर भागांना लावावी. फिरणाऱ्या भागांजवळ किंवा विजेच्या जोडणीजवळ ती मुळीच नेऊ नये.

तिसरी वाट : पाणी

पंप बंद होताना इमारतीत ‘धाड्‌’ असा आवाज येत असेल तर तो पाण्याचा. वीज गेली की वर चढणारे पाणी क्षणभर थांबते आणि खाली परत येऊ लागते. ते खाली येऊ नये म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो. पण त्याची झडप बंद व्हायला थोडा वेळ लागतो. तोवर पाण्याने उलटा वेग घेतलेला असतो, आणि मग झडप एकदम आपटते.

अशा वेळी दाब किती वाढतो हे रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्हस्की यांनी १८९० च्या दशकाच्या अखेरीस मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून दाखवले. पाण्याची घनता, नळातील दाबलहरीचा वेग आणि पाण्याच्या वेगातील बदल या तिघांचा गुणाकार म्हणजे वाढलेला दाब. लोखंडी पाइपात लहरीचा वेग सेकंदाला सुमारे १३०० मीटर धरू. पाणी सेकंदाला अर्धा मीटर वेगाने परत येत असताना झडप बंद झाली तर दाबवाढ १००० गुणिले १३०० गुणिले ०.५, म्हणजे साडेसहा लाख पास्कल, अर्थात साडेसहा बार होते. चार मजली इमारतीतील पाण्याच्या १२ मीटर उंच स्तंभाचा दाब सव्वा बारसुद्धा नसतो. म्हणजे पाइपला नेहमीच्या पाच पटींहून मोठा हातोडा बसतो. हा नुसता आवाजाचा प्रश्न नाही, यातूनच सांधे सैल होऊन गळती सुरू होते. प्लास्टिकचा पाइप थोडा फुगतो, त्यात लहरीचा वेग बराच कमी असतो, म्हणून धक्काही सौम्य बसतो. खरा उपाय म्हणजे स्प्रिंग असलेला व्हॉल्व्ह. त्याची झडप पाणी उलटे फिरण्यापूर्वीच स्प्रिंगच्या जोराने बंद होते.

प्रेशर पंपाची तऱ्हा वेगळी. तो दाब उतरला की सुरू आणि चढला की बंद होतो. पाणी जवळजवळ दाबले जात नाही, म्हणून पेलाभर पाणी घेतले तरी दाब झपकन उतरतो आणि पंप सुरू होतो. दात घासताना तो पाच-सहा वेळा सुरू-बंद होतो. झोपमोड करणारा आवाज बहुधा हाच असतो, कारण सलग आवाजापेक्षा अचानक सुरू होणारा आवाज जास्त जाणवतो.

यावर उपाय बॉईलने १६६२ मध्ये मांडलेल्या नियमात आहे. पाणी दाबले जात नसले तरी हवा दाबली जाते. पंपाच्या पुढे रबरी फुगा असलेली बंद टाकी जोडतात. फुग्याच्या एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला पाणी. समजा टाकी २० लिटरची आहे आणि तिच्यात आधी १.८ बार दाबाने हवा भरली आहे. पंप २ बारला सुरू आणि ३ बारला बंद होतो. दाबमापकावरील आकड्यांत वातावरणाचा १ बार मिळवायला विद्यार्थी विसरतात, तो मिळवू : २.८, ३ आणि ४. दाब ३ असताना हवेचे आकारमान २० गुणिले २.८ भागिले ३, म्हणजे १८.७ लिटर. दाब ४ असताना २० गुणिले २.८ भागिले ४, म्हणजे १४ लिटर. फरक ४.७ लिटरचा. म्हणजे साडेचार लिटरहून अधिक पाणी पंप सुरू न होता मिळते. रात्री कोणी पाणी प्यायला उठले तरी बहुधा पंप जागा होणार नाही.

हाच हिशेब उलटा वापरता येतो. रात्री कोणीही नळ उघडत नसताना पंप तासाला एकदा सुरू होत असेल, तर कोठेतरी तासाला सुमारे ४.७ लिटर, म्हणजे दिवसाला शंभर लिटरहून जास्त पाणी गळते आहे. आणि पूर्वी बरोबर चालणारी टाकी असूनही पंप पुन्हा सेकंदासेकंदाला सुरू-बंद होऊ लागला, तर टाकीतील हवा गेली आहे किंवा फुगा फाटला आहे. आवाज येथे दोष सांगण्याचे काम करतो.

खडखडाट : बुडबुड्यांचा

पंपातून खडे फिरत असल्यासारखा आवाज येत असेल तर रबर लावून उपयोग नाही. हा आवाज बुडबुडे फुटण्याचा असतो. पंप पाणी ‘ओढतो’ म्हणजे आपल्या तोंडाशी दाब कमी करतो, आणि बाहेरचे वातावरण पाण्याला आत ढकलते. हा दाब पाण्याच्या बाष्पदाबाच्या खाली गेला की थंड पाणीही तेथल्या तेथे उकळते. त्याचे बुडबुडे पुढे जास्त दाबाच्या भागात गेले की क्षणात मिटतात. त्या वेळी निर्माण होणाऱ्या प्रचंड दाबाचे गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये मांडले. या माऱ्याने पंख्याच्या धातूला खळगे पडतात. इंजिनिअर या क्रियेला कॅव्हिटेशन म्हणतात.

नागपूरची हवा येथे महत्त्वाची ठरते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे, त्यामुळे येथील वातावरण पाण्याचा सुमारे १० मीटरचाच स्तंभ तोलते. २० अंश सेल्सिअसला पाण्याचा बाष्पदाब पाण्याच्या सुमारे २४ सेंटिमीटर उंचीएवढा असतो. मे महिन्यात टाकीतले पाणी ४० अंशांपर्यंत तापले तर तो सुमारे ७५ सेंटिमीटरएवढा होतो. म्हणजे पाणी ओढण्याची अर्धा मीटर ताकद केवळ उन्हाने कमी होते. हिवाळ्यात गुपचूप चालणारा पंप उन्हाळ्यात खडखडू लागला, तर फूटव्हॉल्व्हची जाळी गाळाने चोंदली आहे का, ओढण्याचा पाइप अरुंद किंवा फार लांब आहे का आणि एखाद्या सांध्यातून हवा शिरते आहे का, हे पाहावे.

याच ठिकाणी टिल्लू पंपाबद्दल सांगितले पाहिजे. महानगरपालिकेच्या नळाला थेट पंप जोडून पाणी ओढणे बेकायदेशीर आहे. नागपुरात २०१२ पासून चोवीस तास पाणी देण्याची योजना राबवली जात असली तरी, कमी दाबाच्या भागांत हे पंप लावले जातात आणि जप्तही होतात. असा पंप सार्वजनिक नळातला दाब वातावरणाच्या दाबाखाली नेऊ शकतो. मग जेथे नळाला बारीक भेग असेल तेथून बाहेरचे गढूळ पाणी आत खेचले जाते आणि ते शेजाऱ्यांच्या घरी जाते. त्या पंपाचा आवाज कमी करण्याची युक्ती शोधू नये, तो पंपच काढून टाकावा.

चौथी वाट : हवा

पहिल्या तीन वाटा बंद केल्यावरच खोक्याचा विचार करावा. खोके जड हवे, त्याला आतून ध्वनी शोषणारे अस्तर हवे आणि ते पंपाला किंवा त्याच्या पायाला कोठेही टेकता कामा नये. टेकले तर तेच तबली बनते. फटींचाही हिशेब ठेवावा. खोक्याच्या पृष्ठभागाचा एक टक्का भाग उघडा राहिला तर भिंती कितीही जाड असोत, आवाज २० डेसिबेलपेक्षा जास्त घटत नाही. उलट मोटारीला थंड हवा लागते. नागपूरच्या ४५ अंशांच्या दुपारी पूर्ण बंद खोक्यात मोटार जळेल. म्हणून हवा येण्या-जाण्याचे मार्ग वळणावळणाचे ठेवून त्यांनाही आतून अस्तर लावतात.

किती आवाज चालेल?

केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. पहाटे पाचला सुरू होणारा पंप रात्रीच्या मर्यादेत येतो, हे पुष्कळांना माहीत नसते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये झोपण्याच्या खोलीसाठी ३० आणि वर्गासाठी ३५ डेसिबेलची शिफारस केली. शाळेचा पंप वर्गाच्या भिंतीला लागून असेल तर हा दुसरा आकडा शिक्षकांनी लक्षात ठेवावा.

राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजेच ‘नीरी’, नागपुरातच आहे. १९५८ मध्ये ती सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संस्था म्हणून सुरू झाली आणि १९७४ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. या संस्थेने आवाज मोजण्यासाठी ‘नॉईज ट्रॅकर’ नावाचे मोबाईल अॅपही तयार केले आहे. मोजताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मापकाची नेहमीची पद्धत माणसाच्या कानाप्रमाणे खर्जाला कमी महत्त्व देते, १०० हर्ट्‌झला तब्बल १९ डेसिबेलने कमी. म्हणून घुमणारा आवाज त्रासदायक असूनही आकडा लहान दिसतो. त्यावरून तक्रार खोटी ठरवू नये. एकाच फोनने, एकाच जागी, उपायापूर्वी आणि उपायानंतर मोजावे, आणि फरक पाहावा.

वर्गासाठी प्रकल्प

विद्यार्थ्यांना आपापल्या इमारतीच्या पंपाची तपासणी करायला सांगावी. पंपाला हात न लावता पुढील नोंदी करता येतात.

१. आवाज घुमणारा आहे, खडखडणारा आहे की फक्त बंद होताना येतो?

२. तो सर्वांत जास्त कोणत्या खोलीत येतो? त्या खोलीच्या भिंतीला पाइप आहे का?

३. पंपाखाली रबर आहे का? ते दबलेले दिसते का? बोल्ट थेट काँक्रीटमध्ये आहे का?

४. पाइपमध्ये कोठेही लवचीक जोड आहे का? क्लॅम्प किती आणि कशाला बसवले आहेत?

५. प्रेशर पंप असेल तर रात्री एका तासात तो किती वेळा सुरू होतो? त्यावरून गळती किती?

ज्यांच्या घरी पंप नाही त्यांच्याकडे उन्हाळ्यात कूलर असतो. त्यातला पाण्याचा छोटा पंप टाकीच्या पत्र्याला टेकला की सारा कूलर १०० हर्ट्‌झने गुणगुणू लागतो. मोठ्या माणसाने प्लग काढून पंपाखाली स्पंजचा तुकडा ठेवावा, हात बाहेर काढून मगच प्लग लावावा आणि फरक ऐकावा. कूलरमध्ये पाणी आणि वीज शेजारी असतात, तेव्हा प्लग काढल्याशिवाय हात आत घालायचा नाही, हा नियम मुलांकडून वदवून घ्यावा.

नोंदी तयार झाल्या की त्या इमारतीच्या सभेत मांडाव्यात. दुरुस्ती प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी आणि एका वेळी एकच बदल करावा : आधी फूटव्हॉल्व्हची जाळी साफ करणे आणि गळके नळ दुरुस्त करणे, मग रबर आणि बोल्ट, मग लवचीक नळ्या आणि क्लॅम्प, त्यानंतर व्हॉल्व्ह किंवा हवेची टाकी, आणि सर्वांत शेवटी खोके. प्रत्येक बदलानंतर तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच खोलीत त्याच वेळी पुन्हा मोजावे आणि आकडा वहीत लिहावा. कोणत्या वाटेने आवाज येत होता, हे त्या वहीवरून कळेल.